मिस्त्रीच्या यादीतलं सूत, ब्रास, केजी आणि किटकॅट: दुकानात नेमकं काय मागायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. घराचं काम सुरू आहे, मजुरी ठरवून दिली आहे आणि सामान मालकाने आणायचं आहे. मिस्त्री, फिटर (सळया बांधणारा), प्लंबर, वायरमन, सुतार असे सगळे तोंडी यादी सांगतात: "चार सूत पन्नास नग, रिंगेला अडीच सूत, रेती दोन ब्रास, दोन इंची पाईप चार केजीचा, पाऊण इंची ब्रास एल्बो सहा, सेव्हन-ट्वेंटी दोन बंडल, चुका अर्धा किलो." यातल्या कशाचा अर्थ काय, आणि दुकानात गेल्यावर काय सांगायचं?

ही बोली अघळपघळ वाटते, पण ती तशी नाही. फिटरच्या तोंडी "चार सूत" म्हणजे एकच सळई, आणि दुसऱ्या फिटरलाही तीच कळते. गडबड दोन ठिकाणी होते. एकच शब्द दोन धंद्यांत वेगळ्या अर्थाने चालतो तेव्हा, आणि बोलीतला शब्द जसाच्या तसा कोटेशनवर किंवा बिलावर चढतो तेव्हा. साइटवर खुशाल सुतात बोला. कागदावर मात्र मिलिमीटर, चौरस मिलिमीटर, घनफूट किंवा किलो यांपैकी काहीतरी आलंच पाहिजे.

सुतापासून सुरुवात करू. एका इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत, साधारण ३.१७५ मिमी. सळईच्या बाबतीत सूत हे आता माप राहिलेलं नाही, ते नाव झालं आहे. दोन सूत म्हणजे ६ मिमी, अडीच सूत ८ (यादीतली रिंग, म्हणजे उभ्या सळयांभोवतीचा वळसा, याच सळईची), तीन सूत १०, चार सूत १२, पाच सूत १६, सहा सूत २० आणि आठ सूत २५ मिमी. गणित करायला गेलात तर चार सूत १२.७ मिमी भरतं, पण बाजारात तशी सळई नसते, १२ मिमीचीच मिळते. सुताचा अर्धा इंच धरून वजन काढलं, तर अंदाज बारा टक्क्यांनी फुगतो. तीन सुताचं उलट आहे. गणिताने ९.५ मिमी, हातात पडते ती १० मिमी.

वजनाचं सूत्र पाठ करून ठेवा: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचं वजन किलोत. ८ मिमीला ०.३९५, १० मिमीला ०.६१७, १२ मिमीला ०.८८८, १६ मिमीला १.५८ किलो. अखंड सळई सहसा १२ मीटरची येते, म्हणजे १२ मिमीची एक सळई सुमारे १०.६५ किलो. यादीतल्या "चार सूत पन्नास नगां"चं वजन ५३३ किलोच्या आसपास भरायला हवं. आयएस (भारतीय मानक) १७८६ प्रमाणे १० मिमीपर्यंतच्या मालाला सात टक्के, त्यापुढे १६ मिमीपर्यंत पाच टक्के आणि त्याहून जाड सळईला तीन टक्के इतकी कमी-जास्त सूट आहे. म्हणजे हे पन्नास नग ५०६ किलोच्या खाली गेले, तर माल हलका आहे.

हलक्या मालात नुकसान कसं होतं, तेही पाहा. नगावर भाव ठरला आणि दुकानदाराने पुस्तकी वजन धरलं, तर न मिळालेल्या लोखंडाचे पैसे तुम्ही देता. काट्यावर प्रत्यक्ष वजन करून घेतलं तर पैसे वाचतात, पण इंजिनिअरने हिशोबात धरलेलं लोखंड कॉलममध्ये जात नाही. म्हणून दोन्ही करा: वजन काट्यावर घ्या आणि नग मोजा. दोघांचा मेळ बसला नाही, तर गाडी उतरवू नका. जुने फिटर कुठल्याही कंगोरेदार सळईला "टोर" म्हणतात. टोर म्हणजे थंड अवस्थेत पिळलेली सळई, आज मिळते ती टीएमटी, म्हणजे गरम असतानाच पाण्याने झटकन थंड करून कडक केलेली. त्यामुळे ऑर्डर अशी लिहा: "टीएमटी, एफई ५०० डी, १२ मिमी, ५० नग, अंदाजे ५३३ किलो, भाव काट्यावरच्या वजनावर." ग्रेड (इथे एफई ५०० डी) नकाशावर असेल तीच. "बांधायची तार अठरा गेज" म्हणजे साधारण १.२ मिमीची मऊ तार. टनाला आठ-दहा किलो धरा.

गेज हा शब्द आलाच आहे, तर लक्षात ठेवा की आकडा वाढला की जाडी घटते. सोळा गेज सुमारे १.६ मिमी, अठरा १.२, वीस ०.९, बावीस ०.७ मिमी. ग्रिलवाला किंवा गेटवाला "अठरा गेजचा पाईप, एकदम भारी" म्हणाला, तर तो सोळा गेजपेक्षा पातळ आहे हे ओळखा. पंधरा-वीस वर्षं उन्हापावसात राहणाऱ्या गेटला मी सोळाच्या वरचा आकडा घेणार नाही, कारण पातळ पाईप वेल्डिंगच्या जागी जळतो आणि गंज तिथूनच आत शिरतो.

आता ब्रास. महाराष्ट्रातल्या बांधकामात सर्वांत जास्त भांडणं या शब्दावरून होतात, कारण त्याचे तीन अर्थ आहेत. रेती, खडी, मुरूम, डबर, खोदाई यांत एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. प्लास्टर, फरशी, रंग, सेंट्रिंग यांत एक ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. आणि प्लंबर "ब्रास एल्बो" म्हणतो, तेव्हा तो पितळ. वीटकामात आणखी एक अडचण आहे: नऊ इंची भिंत बरेच जण घनफुटाच्या ब्रासने मोजतात, तर साडेचार इंची आडभिंत चौरस फुटाने. मजुरी ठरवताना "ब्रासला इतके" एवढ्यावर थांबू नका. कुठला ब्रास ते शेजारी लिहून घ्या.

रेतीची गाडी मोजायची पद्धत सोपी आहे. हौद्याची आतली लांबी आणि रुंदी फुटांत घ्या. वरची शीग सपाट करायला लावा. मग सळई रेतीत तळापर्यंत खुपसून पाच ठिकाणी खोली मोजा, चार कोपऱ्यांजवळ आणि एकदा मधे. सरासरी काढा, तिघांचा गुणाकार करा आणि १०० ने भागा. दहा बाय सहाच्या हौद्यात दोन ब्रास म्हणजे ३ फूट ४ इंच खोली. बाहेरून पट्टी लावून मोजलेली उंची धरू नका, हौद्याचा तळ वर असतो.

रेती ओली असेल, तर खरा फटका इथे बसतो. दमट रेतीच्या कणांभोवती पाण्याचा पापुद्रा धरतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि रेती फुगते. फुगवटा वीस ते तीस टक्क्यांपर्यंत जातो, बारीक रेतीत त्याहूनही जास्त. पंचवीस टक्के फुगलेली दोन ब्रास म्हणजे सुकी १.६ ब्रास. तपासायला एक सरळ काठाचं भांडं घ्या. रेती सैल ओतून २०० मिमी उंचीपर्यंत भरा. ती काढून भांड्यात निम्मं पाणी घाला, तीच रेती थोडी थोडी परत टाका आणि काठीने ठोसा. पूर्ण भिजलेली रेती आपली मूळ जागा घेते. आता उंची १६० मिमी भरली, तर फुगवटा २०० भागिले १६० वजा १, म्हणजे पंचवीस टक्के. याच कारणाने फर्म्याने (मापाच्या खोक्याने) माल टाकताना ओल्या रेतीला जास्त माप द्यावं लागतं. नाहीतर काँक्रीटमध्ये रेती कमी आणि खडी जास्त होते. फर्मा ३५ लिटरचा असतो, आत ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटर, कारण सिमेंटच्या ५० किलोच्या गोणीचं आकारमान तेवढं धरतात. "एकास दोन, चार" म्हणजे एक गोणी, दोन फर्मे रेती, चार फर्मे खडी. घमेल्याने मोजलेलं मानू नका, प्रत्येक मजुराचं घमेलं वेगळं भरतं.

प्लास्टरचा ब्रास मोजताना खिडक्या-दारं वजा करायची की नाही, हे आधीच ठरवा. आयएस १२०० ची रीत अशी: अर्धा चौरस मीटरपर्यंतचं भोक वजा करायचं नाही, अर्धा ते तीन चौरस मीटरचं असेल तर एकाच बाजूला वजा करायचं, आणि कडांचं वेगळं मोजायचं नाही. बरेच ठेकेदार हेच मानतात, पण बोलून घेतलेलं चांगलं.

मिस्त्रीच्या हत्यारांची नावं यादीत कमी येतात, पण काम तपासायला ती कळली पाहिजेत. ओळंबा म्हणजे दोरीला लावलेलं वजन, भिंत उभी सरळ आहे का ते पाहायला. थापी माल लावायची. रंधा मात्र दोघांकडे असतो: गवंड्याचा रंधा म्हणजे प्लास्टर घासायची लाकडी पाटी, सुताराचा रंधा म्हणजे पातं बसवलेलं तासायचं हत्यार. "रंधा आणा" असा निरोप आला, तर आधी कोणी मागितला ते विचारा.

गुण्या म्हणजे लोखंडी काटकोन. "खोली गुण्यात आहे" म्हणजे कोपरे बरोबर नव्वद अंशांचे आहेत. साइटवर वापरलेले गुण्ये पडून पडून वाकलेले असतात. दोन फुटी गुण्या एक सूत चुकला, तर बारा फुटी भिंतीवर ती चूक सहा सूत होते, म्हणजे पाऊण इंच. फरशी बसल्यावर शेवटच्या ओळीत एका टोकाला निमुळता तुकडा दिसतो, तो याचाच. गुण्या तपासायला सरळ कडेला त्याची एक बाजू टेकवून रेघ ओढा, गुण्या उलटा करून त्याच बिंदूवरून दुसरी रेघ ओढा. रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. फट पडली तर चूक तिच्या निम्मी. खोलीच्या आखणीला गुण्यावर अवलंबून राहूच नका. कोपऱ्यापासून एका बाजूला ६ फूट, दुसऱ्या बाजूला ८ फूट खूण करा, तिरकं माप १० फूट यायला हवं. जागा असेल तर ९, १२, १५ घ्या. जेवढं मोठं माप, तेवढी चूक कमी.

लेव्हल काढायला अजूनही पाण्याची पारदर्शक नळी सर्वांत भरवशाची आहे, फक्त दोन गोष्टी पाळल्या तर. नळीत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, एवढासा बुडबुडाही दोन टोकांत फरक पाडतो. आणि वाचताना दोन्ही टोकांवरचे अंगठे काढलेले हवेत. एक टोक बंद ठेवून घेतलेली खूण चुकीचीच येते.

पाईपवर येऊ. इथे इंच हा शब्द चार प्रकारच्या मालाला लागतो आणि चारही वेगळे निघतात. जीआयमध्ये (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाईपमध्ये) "अर्धा इंची" म्हणजे १५ मिमी, "पाऊण" २०, "एक" २५, "सव्वा" ३२, "दीड" ४० मिमी. हे नाममात्र आतलं माप. सीपीव्हीसीचं (गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लॅस्टिक पाईपचं) मोजमाप तांब्याच्या नळीच्या बाहेरच्या व्यासावरून आलेलं आहे, त्यामुळे पाऊण इंचीचा बाहेरचा व्यास २२.२ मिमी. घरातल्या थंड पाण्याचा शेड्यूल (पाईपच्या जाडीचा वर्ग) ४० किंवा ८० वाला पांढरा यूपीव्हीसी पाऊण इंची बाहेरून २६.७ मिमी. म्हणून एकाची फिटिंग दुसऱ्यात बसत नाही, सांधा चिकटवायचं सोल्व्हंटही वेगळं लागतं. शेतीचा पीव्हीसी तर सरळ बाहेरच्या व्यासाने ओळखला जातो: "दोन इंची" म्हणजे ६३ मिमी, "अडीच" ७५, "तीन" ९०, "चार" ११० मिमी.

"चार केजीचा पाईप" ऐकून वजन समजू नका. केजी म्हणजे दाब, दर चौरस सेंटिमीटरला किलो. पाण्याचा दहा मीटरचा स्तंभ साधारण एक केजी दाब देतो, तेव्हा चार केजीचा पाईप सुमारे चाळीस मीटरपर्यंतच्या स्थिर दाबाचा. विहिरीपासून टाकीपर्यंतचा चढ पंचवीस मीटर असला तरी मी तिथे सहा केजीचाच घेईन, कारण मोटर बंद होताना पाणी उलटं आदळतं आणि तो धक्का स्थिर दाबापेक्षा बराच मोठा असतो. पाईप फुटतो तो बहुतेक वेळा मोटरजवळच्या बेंडला, आणि दोष सांधा जोडणाऱ्याला दिला जातो. ऑर्डर अशी: "पीव्हीसी, आयएस ४९८५, बाहेरचा व्यास ६३ मिमी, ६ केजी, ६ मीटरचे १० नग." सांडपाण्याचा एसडब्ल्यूआर पाईप घेताना टाइप विचारा: टाइप ए पावसाच्या पाण्याला आणि हवेच्या पाईपला, टाइप बी संडास-बाथरूमला. दोघांचाही "चार इंची" ११० मिमीच असतो, जाडी मात्र वेगळी.

यादीतलं "पाऊण इंची ब्रास एल्बो" बहुधा सीपीव्हीसीचा, आत पितळी आटे बसवलेला एल्बो (काटकोनी जोड). नळ जिथे लागतो तिथे असाच घ्यावा. प्लॅस्टिकच्या आट्यात पितळी नळ आवळला की आतला आटा चिरतो, आणि गळती टाइल लागल्यानंतर दिसते. बहुतेक नळांचे आटे अर्धा इंची असतात, त्यामुळे "पाऊण बाय अर्धा ब्रास एल्बो" हवा का, हे प्लंबरला विचारून घ्या. टेफ्लॉन टेप आट्याच्या तोंडाकडे पाहत घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायची. उलटी गुंडाळली तर आवळताना गोळा होऊन बाहेर येते. "नहाणी ट्रॅप" म्हणजे न्हाणीघराच्या जमिनीतला ट्रॅप. त्यात पाण्याचा ५० मिमीचा थर राहिला पाहिजे, वास अडवतो तो हा थर. उथळ ट्रॅपमधला थर उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे बाथरूम न वापरलं तरी सुकतो.

वायरमनची बोली जुन्या काळातली आहे. "सेव्हन-ट्वेंटी" म्हणजे वीस गेजच्या सात तारा, "थ्री-ट्वेंटीटू" म्हणजे बावीस गेजच्या तीन, "वन-एटीन" म्हणजे अठरा गेजची एक. पहिला आकडा तारांचा, दुसरा गेजचा. क्षेत्रफळ काढलं तर सेव्हन-ट्वेंटी साधारण ४.६ चौरस मिमी भरते, सेव्हन-ट्वेंटीटू २.८, थ्री-ट्वेंटी २, थ्री-ट्वेंटीटू आणि वन-एटीन जवळपास १.२. आजच्या वायरवर १, १.५, २.५, ४, ६ असे आकडे असतात. सेव्हन-ट्वेंटीला ४ मिळते, थ्री-ट्वेंटीला मी २.५ घेईन. मधल्या आकड्याला खाली उतरण्यापेक्षा वर चढलेलं बरं.

आणि "अडीच एमएमची वायर" म्हणजे अडीच मिमी जाड वायर नव्हे. तो तांब्याच्या छेदाचा आकडा आहे, २.५ चौरस मिमी. दिव्यांना आणि लहान सॉकेटला १.५, गीझर-एसीच्या पॉवर पॉइंटला ४, मधल्या कामांना २.५ असं धरा. बंडल ९० मीटरचं असतं, काही ठिकाणी १०० मीटरचं येतं, भाव विचारताना मीटर विचारा. वायरमन "पाच अँपिअर", "पंधरा अँपिअर" म्हणतो, तेव्हा दुकानात ६ आणि १६ अँपिअर मागायचं. "किटकॅट" म्हणजे चिनी मातीचा, ओढून काढता येणारा फ्यूज. त्यातली तार जळली की हाताला लागेल ती वायर घालायची सवय घातक आहे. ५ अँपिअरला ०.२ मिमी, १५ अँपिअरला ०.५ मिमी कल्हई केलेली तार, त्याहून जाड नाही. जाड तार जळत नाही, मग भिंतीतली वायर जळते. नव्या घरात किटकॅटऐवजी एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती झाली की पुरवठा तोडणारा) लावून घ्या. पंख्याचा "कंडेन्सर" म्हणजे कपॅसिटर. छताच्या पंख्याला बहुतेक २.५ मायक्रोफॅरडचा लागतो, पण जुन्यावर छापलेला आकडा पाहूनच आणा. स्लॅबमध्ये टाकायच्या पाईपला "एमएमएस" म्हणतात, मध्यम मजबुतीचा. "एलएमएस" हलका असतो, काँक्रीट ओतताना पायाखाली चेपतो आणि मग वायर ओढता येत नाही.

खोदाईच्या मशीनची नावं कंपन्यांवरून पडलेली आहेत. चार चाकांचा, पुढे सूप आणि मागे हात असलेला तो "जेसीबी", कंपनी कुठलीही असो. पट्ट्यांवर चालणारा तो "पोकलेन", मूळ फ्रेंच कंपनीचं नाव. मोठा टिपर तो "हायवा", आणि स्लॅब फोडायचं किंवा ड्रिलिंगचं मशीन तो "हिल्टी". मशीनचं भाडं तासावर असतं, म्हणून काम सुरू होताना आणि संपताना मशीनवरच्या मीटरचा आकडा लिहून त्यावर ऑपरेटरची सही घ्या. ब्रेकर लावल्यावर तासाचा भाव बदलतो, तेव्हा बकेटचे तास वेगळे आणि ब्रेकरचे वेगळे लिहा.

सुताराच्या यादीत "चुका" म्हणजे बारीक खिळे, वजनावर मिळतात. लांबी विचारायला विसरू नका, एक इंची की दीड इंची. "सहा सूत प्लाय" म्हणजे १८ किंवा १९ मिमीचा, "चार सूत" १२ मिमीचा, आठ बाय चारच्या पूर्ण शीटमध्ये ३२ चौरस फूट. "मायका" म्हणजे लॅमिनेट. समोरच्या बाजूला १ मिमीचा घ्या, ०.८ चा आत चालतो. कपाटाच्या बिजागऱ्या मागताना सुतार "झिरो", "आठ", "सोळा" म्हणतो, तो क्रँकचा, म्हणजे बिजागरीच्या हाताच्या बाकाचा, आकडा आहे. झिरोत दार कपाटाच्या बाजूची पूर्ण कड झाकतं, आठमध्ये निम्मी झाकतं, म्हणजे दोन दारं एकाच मधल्या फळीवर येतात तिथे. सोळात दार चौकटीच्या आत बसतं. तीन दारांच्या कपाटाला एकाच प्रकारच्या बिजागऱ्या आणल्या, तर मधल्या फळीवर दारं एकमेकांना अडतात. म्हणून टोकांना झिरो आणि मधल्या फळीला आठ. दारात बसणाऱ्या बिजागरीच्या वाटीचं भोक तिन्हींना ३५ मिमीचंच पडतं, त्यामुळे चूक दार लावेपर्यंत लक्षात येत नाही. बिजागऱ्या मोजण्याआधी सुताराकडून दारांचं कच्चं रेखाटन कागदावर काढून घ्या.